सहा-चार-तीनमधला एक

बेसबॉलच्या स्कोअरवहीत मैदानावरच्या नऊही जणांना नंबर असतात. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे बसून तो पकडणारा) २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, तिसऱ्या बेसवरचा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६ आणि मागच्या गवतातले तिघे ७, ८, ९. जर्सीवरच्या आकड्याशी यांचा काही संबंध नाही, हे जागांचे नंबर. एकाच चेंडूवर दोघे बाद झाले, म्हणजे डबल प्ले झाला, की वही लिहिणारा त्या चौकोनात बारीक अक्षरात लिहितो: ६-४-३. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्यानं पहिल्या बेसकडे फेकला. सगळी हकिगत तीन आकड्यांत उरकली. ज्यानं तो चेंडू टाकला, आणि ज्याच्या टाकण्यामुळेच तो जमिनीवरून सरपटत शॉर्टस्टॉपच्या पुढ्यात आला, त्याचा १ मात्र त्यात कुठेच नाही.

डबल प्लेचं सगळं गणित पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या धावकाभोवती फिरतं. बॅटरनं चेंडू जमिनीवर मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं, आणि एका बेसवर दोघांना थांबता येत नाही, म्हणून तिथे आधीपासून असलेल्यानं जागा सोडून दुसऱ्या बेसकडे पळायचं. त्याला हात लावून बाद करायचीही गरज नसते. चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर पाय टेकला की तो गेला. मग तोच चेंडू बॅटरच्या आधी पहिल्या बेसवर पोचवायचा. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, आणि चांगला पळणारा ते चार सेकंदांच्या जरा वर कापतो. तेवढ्या वेळात चेंडू बॅटवरून शॉर्टस्टॉपकडे, तिथून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्या बेसवर गेला पाहिजे. वाटेत तीन ग्लव्ह आणि दोन फेका. एक जरी हात अडखळला तरी एकच बाद होतो, कधी एकही नाही.

न्यू जर्सीत आमच्या घरापासून थोड्या अंतरावर मायनर लीगचं, म्हणजे खालच्या पातळीवरच्या व्यावसायिक संघांचं, एक छोटं मैदान आहे. उन्हाळ्यात मी तिथे जाते, पहिल्या बेसच्या बाजूला पुढच्या रांगेत बसते आणि मांडीवर वही ठेवून स्कोअर लिहिते. शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला ते लिहायला शिकवलं. तिथे डबल प्ले इतका जवळून दिसतो की टीव्हीवर तो खरा कळतच नाही असं माझं मत झालंय. आधी आवाज येतो. चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागाला लागलेल्या बॅटचा आवाज भरीव नसतो, पोकळ आणि बसका असतो. मग लाल मातीवर दोन टप्पे. दुसऱ्या बेसवरचा मुलगा तोवर बेसकडे धावत आलेला असतो, तिरका. डावा पाय बेसवर, ग्लव्ह छातीपुढे, आणि दुसरा हात ग्लव्हला अगदी चिकटून. तो ग्लव्ह मिटतच नाही. चेंडू उघड्या ग्लव्हच्या चामड्यावर आपटून दुसऱ्या हातात जातो, पकडणं आणि फेकणं यांत फटच राहत नाही. त्याच क्षणी समोरून धावक मातीत घसरत त्याच्या पायांकडे येत असतो. हा उडी मारतो आणि हवेत असतानाच फेकतो.

आणि पिचर? चेंडू टाकून झाल्यावर तो वळतो आणि दुसऱ्या बेसकडे बोट करतो, एवढंच. त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. काही पिचर तर शेवटची फेक पहिल्या बेसवर पोचायच्या आधीच डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकाकडे, चालू लागतात. मला ते चालणं फार आवडतं. त्यात मिजास नाही, पाठीमागच्या चौघांवरचा भरवसा आहे.

त्या भरवशाचा सगळ्यात मोठा हिशेब ज्याच्या नावावर आहे तो टॉमी जॉन. इंडियानातल्या टेरे होट गावी १९४३ साली जन्मलेला डावखुरा पिचर. १९६३ ते १९८९ या काळात तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, २६ हंगाम खेळला. ४,७०० हून जास्त इनिंग टाकल्या (तिघे बाद झाले की एक इनिंग), २८८ सामने जिंकले आणि बॅटरांना जमिनीवर मारायला लावून सहाशेच्या वर डबल प्ले घडवले. ज्या काळातली चेंडूगणिक नोंद हाती आहे त्या काळात इतके कोणी घडवलेले नाहीत.

एवढं असूनही त्याचं नाव लोक घेतात ते कोपरासाठी. अमेरिकेत शाळेत खेळणाऱ्या पोरांच्या आयांनासुद्धा ‘टॉमी जॉन सर्जरी’ माहीत असते. त्या शस्त्रक्रियेकडे मी येणार आहे, कारण तिची सुरुवातही एका डबल प्लेच्या प्रयत्नात झाली. पण आधी तो टाकायचा काय ते सांगायला हवं.

त्याच्याकडे वेग नव्हता. ४,७०० इनिंगमध्ये त्यानं २,२४५ स्ट्राइकआउट केले (चेंडू बॅटला नीट लागूच न देता बॅटरला बाद करणं), म्हणजे दोन इनिंगमागे एकसुद्धा पुरता नाही. त्याच काळातला वेगवान पिचर नोलन रायन इनिंगमागे एकाहून जास्त करायचा. टॉमी जॉनचं हत्यार होतं सिंकर. दोन बोटं शिवणींवर ठेवून टाकलेला हा चेंडू बॅटरपर्यंत साधा, मारण्याजोगा वाटतो आणि अगदी शेवटच्या काही फुटांत खाली दबतो. बॅट ठरल्या जागेवर येते, चेंडू तिथून बोटभर खाली गेलेला असतो. फटका बसतो, पण चेंडूच्या डोक्यावर. बॅटर चुकावा म्हणून टाकलेला हा चेंडूच नव्हे. त्यानं मारावा, पण मला हवा तसा मारावा, म्हणून टाकलेला आहे. ज्याला समोरच्याची बॅट चालवून घ्यायची असते त्याचं धारिष्ट वेगळंच असतं. बॅटला लागलेल्या चेंडूचं पुढे काय होईल ते त्याच्या हातात नसतं.

या विक्रमाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर तो अर्धाच कळेल. पहिल्या बेसवर कोणी नसेल तर असा डबल प्ले होऊच शकत नाही. म्हणजे त्या सहाशेपैकी प्रत्येकाच्या आधी कोणीतरी बेसवर पोचलेला होता, बहुतेक वेळा टॉमी जॉननंच दिलेल्या हिटवर (फटका मारून गाठलेला बेस) किंवा वॉकवर (चार भलतीकडच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस). त्यानं कारकिर्दीत ४,७८३ हिट्स दिल्या, इनिंगमागे एकाहून किंचित जास्त. काही जाणकार याच कारणानं या आकड्याला फारशी किंमत देत नाहीत. ज्याच्या डोक्यावर सतत धावक उभे असतात त्याला डबल प्लेच्या संधी जास्त मिळणारच, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं गणित बरोबर आहे, पण मला त्यामुळेच हा आकडा मोठा वाटतो. बाकीचे विक्रम सगळं नीट चाललेलं असतानाचे असतात. हा एकच असा की ज्यातला एकेक आकडा अडचणीतून सुटल्याचा आहे. धावक पोचलाय, प्रेक्षक उठून उभे राहिलेत, पुढचा बॅटर तगडा आहे, आणि तेव्हा हा माणूस वेग न वाढवता पुन्हा तोच खाली दबणारा चेंडू टाकतो. २६ हंगाम.

त्याचं नशीबही चांगलं होतं, आणि ते नशीब म्हणजे माणसं. १९७२ साली तो लॉस एंजलिसच्या डॉजर्सकडे आला. पुढच्याच वर्षी तिथे पहिल्या बेसवर स्टीव्ह गार्वी, दुसऱ्यावर डेव्ही लोप्स, शॉर्टस्टॉपला बिल रसेल आणि तिसऱ्यावर रॉन से अशी चौकडी जमली. ती १९८१ पर्यंत टिकली. इतकी वर्षं एकत्र राहिलेलं दुसरं इनफिल्ड मेजर लीगमध्ये नाही. रसेल आणि लोप्स दोघेही आधी मागच्या गवतात खेळायचे. संघानं त्यांना पुढे आणून या जागा शिकवल्या. त्यांचे हात सगळ्यात सफाईदार होते असं कोणी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी उभं राहिल्यावर दुसऱ्याचा पाय कुठे पडणार आहे हे बघावं लागत नाही.

१७ जुलै १९७४. समोर माँट्रियल एक्सपोज. टॉमी जॉनचा तो हंगाम बहरात होता, १३ विजय आणि ३ पराभव. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक, बॅटिंगला हॅल ब्रीडन. अशा वेळी त्याला काय हवं होतं ते सांगायला नको. त्यानं सिंकर टाकला आणि डाव्या कोपरात काहीतरी सुटलं. पुढचा चेंडू टाकून पाहिला, तोही भलतीकडेच गेला. तेव्हा तो स्वतःच माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, उतरून चालत निघाला आणि दुसऱ्या कोणाला तरी आणा म्हणाला.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला होता. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताच्या मनगटाजवळून एक कंडरा काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि तो कंडरा त्यांतून ओवून नवा अस्थिबंध बनवला. कोणा पिचरवर असं आधी झालेलं नव्हतं. पुन्हा मेजर लीगमध्ये टाकता येण्याची शक्यता शंभरात एक, असं जोब यांनी त्याला सांगितलं होतं. नंतर हाताची नस दुखावल्याचं दिसलं, बोटं आखडून पंजासारखी झाली, डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा सबंध हंगाम गेला. १९७६ च्या एप्रिलमध्ये तो परत माउंडवर उभा राहिला. शस्त्रक्रियेआधी त्याच्या नावावर १२४ विजय होते, नंतर आणखी १६४ जमले. तीन वेळा तर हंगामात वीस किंवा जास्त: १९७७ मध्ये २०, १९७९ मध्ये २१, १९८० मध्ये २२. तेव्हा त्याचं वय ३७ होतं आणि त्या वर्षी त्यानं २६५ इनिंग टाकल्या. आज जोमातल्या पंचविशीच्या पिचरनं २०० टाकल्या तरी वर्तमानपत्रात कौतुक छापून येतं.

मला त्या कथेतलं एक फार महत्त्वाचं वाटतं. नव्या अस्थिबंधानं तो आला तेव्हाही त्याचा खेळ तोच राहिला. एवढ्यातून गेलेल्या माणसानं आता दुसऱ्यांच्या हातावर विसंबणं सोडलं असतं, स्वतःच सगळं करायला गेला असता, तरी कोणी नावं ठेवली नसती. त्यानं पुन्हा सिंकरच टाकला, आणि मागे पुन्हा रसेल आणि लोप्सच उभे होते.

सहाशेच्या वर डबल प्ले घडवणाऱ्या या माणसाचा लोकांच्या आठवणीत राहिलेला डबल प्ले कोणता, तर न झालेला. ऑक्टोबर १९७८, वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, चौथा सामना, यांकी स्टेडियम, समोर न्यूयॉर्क यांकीज. डॉजर्स मालिकेत २-१ नं पुढे. माउंडवर टॉमी जॉन. सहाव्या इनिंगमध्ये डॉजर्सकडे ३-१ आघाडी, एक बाद, दुसऱ्या बेसवर थर्मन मन्सन आणि पहिल्यावर रेजी जॅक्सन. लू पिनेलानं चेंडू मारला तो शॉर्टस्टॉपकडे, जमिनीपासून फार उंच नाही असा थेट. रसेलच्या ग्लव्हमध्ये आला आणि निसटून खाली पडला. धावक झेल होतोय का बघत थबकलेले. रसेलनं चेंडू उचलला, धावत जाऊन दुसऱ्या बेसवर पाय टेकला, जॅक्सन बाद. मग त्यानं गार्वीकडे फेक केली. ती पोचली असती तर इनिंग संपली होती.

जॅक्सन बाद झालेला होता, पण दोन बेसच्या मधोमध फेकीच्या वाटेतच उभा होता. चेंडू येताना त्याचा उजवा कुल्ला किंचित बाहेर गेला. चेंडू त्यावर आपटला आणि उजवीकडे मोकळ्या जागेत गेला. मन्सन तिसऱ्या बेसला वळसा घालून धाव काढून आला. ३-२. डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लासोर्डा तावातावानं मैदानात धावून आले, धावकानं मुद्दाम अडवलं म्हणून दोघांनाही बाद द्या म्हणाले. पंचांनी मानलं नाही. आठव्या इनिंगमध्ये यांकींनी बरोबरी केली, दहाव्यात ४-३ नं सामना घेतला आणि पुढचे दोन्ही जिंकून वर्ल्ड सीरिजही नेली.

त्या क्षणाची चित्रफीत मी पुष्कळदा पाहिलेली आहे. माझ्या मते जॅक्सननं कुल्ला मुद्दामच पुढे केला. पण माझी नजर दर वेळी चेंडूवरून सुटून माउंडकडे जाते. टॉमी जॉननं त्याचं काम केलेलं होतं. चेंडू खाली ठेवला होता, इनफिल्डच्या बाहेर जाऊ दिला नव्हता, आणि त्यातून दोन बाद निघत होते. पुढे जे घडलं त्यात त्याला काही करता येणार नव्हतं. त्याच हिवाळ्यात तो मोकळा झाला आणि करार केला तो यांकींशी, म्हणजे रेजी जॅक्सनच्याच संघाशी. तिथे त्याच्या मागे शॉर्टस्टॉपला बकी डेंट आणि दुसऱ्या बेसवर विली रँडॉल्फ आले, आणि हिशेब पुढे चालू राहिला. वर्ल्ड सीरिज मात्र त्याला कधीच मिळाली नाही. १९७७ आणि १९७८ मध्ये तो डॉजर्सकडून यांकींशी हरला, १९८१ मध्ये यांकींकडून डॉजर्सशी.

वही लिहिताना मला एक प्रश्न नेहमी पडतो. बॅटर किती वेळा डबल प्लेमध्ये सापडला हे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगनं १९३३ पासून आणि अमेरिकन लीगनं १९३९ पासून अधिकृतपणे मोजलं. त्यामुळे अल्बर्ट पुहोल्स ४२६ वेळा सापडला हे आज कोणीही सांगेल. त्याच घटनेतल्या पिचरच्या पुण्याईचा आकडा मात्र त्याच्या रोजच्या तक्त्यात नसतो. बेसबॉलचा तक्ता रुळवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटच्या बातम्या लिहीत मोठा झालेला पत्रकार. क्रिकेटच्या धावफलकात झेल घेणारा आणि गोलंदाज शेजारी-शेजारी बसतात. १९७१ च्या ओव्हल कसोटीत दुसऱ्या डावात अॅलन नॉट बाद झाला त्या ओळीत एकनाथ सोलकरही आहे आणि वेंकटराघवनही. सोलकरनं जमिनीलगत झेप घेतली म्हणून वेंकटचा चेंडू विसरला गेला नाही, आणि विकेट वेंकटच्या खात्यात गेली म्हणून सोलकरची झेप कोणी विसरलं नाही. क्रिकेट जाणणाऱ्या चॅडविकच्या खेळात ही जोडओळ आली असती तर किती बरं झालं असतं.

पिचरांचे हे आकडे आज आपल्यापुढे आहेत ते बऱ्याच अंशी हौशी माणसांमुळे. युनिव्हर्सिटी ऑफ डेलावेअरमध्ये जीवशास्त्र शिकवणारे डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये रेट्रोशीट नावाचा उपक्रम सुरू केला. संघांच्या कपाटांतल्या, पत्रकारांच्या ट्रंकांतल्या जुन्या स्कोअरवह्या मिळवायच्या आणि एकेक सामना खेळीगणिक संगणकात भरायचा. ही कामं करणारे सगळे स्वयंसेवक. कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी पेन्सिलीनं लिहिलेला ६-४-३ त्यांनी वाचला, तेव्हा माउंडवर कोण होतं ते शोधलं, आणि ज्याचा नंबर त्या चौकोनात नव्हता त्याच्या खात्यात एक वाढवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक सामन्यांचा असा तपशील उरलेलाच नाही. म्हणून वॉल्टर जॉन्सनसारख्या त्या काळच्या पिचरांशी टॉमी जॉनची तुलना पुरती होऊ शकत नाही. पण गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत त्याच्या पुढे कोणी नाही, आणि यापुढेही कोणी जाईल असं वाटत नाही. आता बॅटर चेंडू वरच्या दिशेनं उचलायला शिकतात, पिचर वेगाच्या मागे असतात. २०१८ मध्ये मेजर लीगच्या हंगामात हिट्सपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले, तसं आधी कधी घडलं नव्हतं. चेंडू बॅटला लागलाच नाही तर मागच्या चौघांनी करायचं काय? स्ट्राइकआउटवर टाळ्या वाजवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण तेव्हा नऊपैकी सात जण नुसते उभे असतात हे मला खटकतं.

थोर खेळाडूंचा मान करणाऱ्या कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये टॉमी जॉन नाही. पत्रकारांच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव १५ वेळा आलं. ७५ टक्के मतं लागतात, आणि २००९ मध्ये शेवटच्या वेळी त्याला मिळाली ३१.७, तीच सगळ्यात जास्त. डॉ. जोब यांचा तिथे २०१३ मध्ये सन्मान झाला आणि तो योग्यच होता. २८३ विजय मिळवणारा जिम काट २०२२ मध्ये आत गेला. टॉमी जॉनचे त्याच्याहून पाच जास्त आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सोळा जणांच्या समितीपुढे त्याचं नाव पुन्हा आलं. डिक अॅलन आणि डेव्ह पार्कर निवडले गेले, तो राहिला.

पुढच्या वेळी त्या टेबलावर त्याचा कागद येईल तेव्हा त्यावर २८८ विजय असतील, २६ हंगाम असतील आणि कोपराबद्दल एक मोठा परिच्छेद असेल. सहाशेच्या वरचे ते डबल प्लेही त्यावर छापले जावेत, आणि जागा उरली तर खाली रसेल, लोप्स, डेंट आणि रँडॉल्फ यांची नावं. टॉमी जॉनची त्याला काही हरकत असेल असं मला वाटत नाही.